कमावलेली झीज आणि घडवलेली झीज

वापरता वापरता भांड्याची कल्हई उडते, मग कल्हईवाला येतो, भाता लावतो, नवसागराचा धूर उठतो आणि भांडे पुन्हा लखलखू लागते. कल्हई केल्यामुळे भांड्याची किंमत उतरली असे कोणतीही गृहिणी म्हणणार नाही. परंतु पंढरीच्या विठोबाच्या चरणांची, लक्षावधी हातांच्या स्पर्शाने झालेली झीज थांबवण्यासाठी वज्रलेपाचा विचार निघाला, की केवढी चर्चा होते! एक वस्तू आपण निःशंकपणे उजळतो आणि दुसरीला हात लावण्यापूर्वी शंभरदा थबकतो. वस्तूचे जुनेपण पुसण्याचा अधिकार कोणाचा? आणि जी वस्तू मुळात जुनी नाहीच, तिला मुद्दाम जुने रूप देणे ही कला मानावी की लबाडी?

हे प्रश्न अमेरिकेत गेली काही दशके एका वाद्याच्या निमित्ताने मोठ्या हिरिरीने विचारले जात आहेत. ते वाद्य म्हणजे विजेवर वाजणारी बास गिटार. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी तंबोरा, पेटी, क्वचित व्हायोलिन असेल. बास गिटार थोड्यांच्याच घरी असेल. तथापि या वाद्याची कथा वाचताना आपल्या घरच्या जुन्या वस्तूंकडे आपण कसे पाहतो, हेही थोडेसे उमगेल, असा आमचा विश्वास आहे.

खर्जाचे नवे वाद्य

पाश्चात्त्य वाद्यवृंदात खर्जाचा भार पूर्वी डबल बास या पुरुषभर उंचीच्या वाद्यावर असे. ते वाहून नेणे म्हणजे एक शिक्षाच होती. शिवाय ढोल आणि ट्रंपेट यांच्या गदारोळात त्याचा आवाज बुडून जाई. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्या लिओ फेंडर यांनी १९५१ साली यावर तोडगा काढला. गंमत अशी, की या गृहस्थांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यांनी लाकडाच्या भरीव फळीला मॅपल लाकडाची दांडी चार स्क्रूंनी जोडली, चार जाड तारा चढवल्या आणि तारांखाली चुंबकावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेला पिकअप बसवला. सतारीप्रमाणे दांडीवर पडदे असल्यामुळे बोट ठेवताच सूर अचूक निघे. म्हणून वाद्याचे नाव ठेवले ‘प्रिसिजन बास’. पुढे १९६० मध्ये बारीक दांडीची ‘जॅझ बास’ निघाली. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या बड्या कंपनीने फेंडर यांचा उद्योग एक कोटी तीस लाख डॉलरना विकत घेतला. संग्राहकांच्या जगात या तारखेपूर्वीची वाद्ये आणि नंतरची वाद्ये अशी जणू दोन युगेच मानली जातात.

आपल्या कानांनाही हा आवाज अपरिचित नाही. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांचा मोठा वाटा होता, आणि त्या वृंदांत डबल बासच्या जोडीला पुढे ही विजेची बासही येऊन बसली. राहुलदेव बर्मन यांच्या वृंदातील टोनी वाझ यांची बास गिटार ऐकली नाही, असा रेडिओचा श्रोता विरळाच. मात्र आपण काय ऐकतो आहोत, याची जाणीव त्यांतील थोड्यांनाच असेल.

मोटारीचा रंग वाद्यावर

या वाद्यांचा रंग हा आजच्या लेखाचा गाभा आहे. म्हणून त्याचे रसायन थोडे समजून घेऊ. कापसावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची क्रिया केली, की नायट्रोसेल्युलोज तयार होते. दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या ज्वालाग्राही फिल्मवर चित्रित झाला, ती याच कुळातील. आणि आजही नखांना लावायच्या रंगात हाच पदार्थ असतो. १९२० च्या दशकात ड्युपाँ कंपनीने यापासून मोटारींसाठी ‘ड्युको’ नावाचे लॅकर काढले. त्यापूर्वी मोटारीचा रंग वाळायला आठवडेच्या आठवडे लागत, ते काम आता थोडक्यात होऊ लागले. फेंडर यांनी हेच मोटारीचे रंग वाद्यांवर आणले. कडेला काळसर आणि मध्याकडे पिवळा होत जाणारा ‘सनबर्स्ट’ रंग नेहमीचा असे. ज्याला ‘फिएस्टा रेड’ किंवा ‘लेक प्लॅसिड ब्लू’ असा खास मोटारीचा रंग हवा असे, त्याने पाच टक्के अधिक मोजावेत, अशी व्यवस्था होती.

आपल्याकडचे सुतार लाकडी सामानाला चपड्याचे पॉलिश करतात, ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना या लॅकरचा स्वभाव लगेच कळेल. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, आणि नवा हात मारला की तो खालच्या थराला किंचित विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो. नायट्रोसेल्युलोजचेही तसेच आहे. म्हणून त्यावरील लहानसहान खरचटे जाणत्या हाताला बेमालूम बुजवता येतात. त्याचा थर पातळ असतो आणि तो कधीच पुरता स्वस्थ बसत नाही. वर्षानुवर्षे तो पिवळा पडत जातो. पांढरा रंग सायीसारखा दिसू लागतो, निळ्यावर हिरवट छटा येते. १९५० च्या दशकाअखेरच्या सनबर्स्टमधील तांबडा तर उन्हाने पार उडून गेलेला आढळतो. लाकूड आणि लॅकर ऋतुमानाप्रमाणे सारख्या प्रमाणात फुगत किंवा आकसत नाहीत. त्यामुळे थंडीवाऱ्यातून वाद्य एकदम उबदार खोलीत आणले, की पृष्ठभागावर केसासारख्या बारीक चिरा पडतात. धडावरची प्लास्टिकची पट्टी उचलून पाहावी, तर तिच्याखाली झाकला गेलेला मूळचा रंग कालच लावल्यासारखा ताजा असतो. १९६८ च्या सुमारास कारखान्याने पॉलिएस्टरचा जाड व टणक थर वापरण्यास आरंभ केला. तो चिरत नाही, फारसा झिजतही नाही. पण गेल्या वर्षांचा हिशेबही तो आपल्या अंगावर लिहून घेत नाही.

रंग उतरवण्याचे दिवस

आज ज्या बासला लोक देव्हाऱ्यातल्यासारखे जपतात, ती १९७० च्या दशकात केवळ ‘वापरलेले वाद्य’ होती. त्या काळी लाकडाचे नैसर्गिक रूप दाखवण्याची लाट आली होती. शेकडो वादकांनी आपल्या वाद्यांचे मूळ रंग खरवडून काढले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वाद्य त्यांचे होते, रोजच्या कामाचे होते, आणि कल्हईच्या भांड्याप्रमाणेच ते त्याच्याकडे पाहत होते.

रंग नव्याने चढवण्याचे काम दिसते तितके सोपे नाही. प्रथम सर्व धातूचे भाग, पिकअप व तारांची जोडणी काढावी लागते. मग रसायनाने किंवा उष्णतेने जुना थर मऊ करून तो सोलावा लागतो. त्यानंतर पॉलिश पेपरची पाळी येते आणि खरा घात इथेच होतो. मूळ धडाला वादकाच्या हाताशी व पोटाशी बसेल असा नाजूक उतार दिलेला असतो. चार फेरे जास्त घासले, की तो उतार बदलतो आणि गेलेले लाकूड परत येत नाही. पुढे रंध्रे बुजवणे, अस्तर देणे, रंग फवारणे आणि त्यावर पारदर्शक लॅकरचे पातळ थर देणे. मग काही आठवडे धीर धरून ते पुरते वाळू देणे. आणि शेवटी पाण्याने ओल्या केलेल्या बारीक कागदाने घासून चमक आणणे. लॅकरची वाफ पेट घेणारी आणि फुप्फुसांना अपायकारक असते. त्यामुळे घरच्या गच्चीवर, मुलाबाळांच्या वावरात करण्यासारखा हा उद्योग नव्हे.

इतके परिश्रम करूनही, मूळ रंग गेलेल्या जुन्या बासची बाजारातील किंमत साधारणपणे निम्म्यावर येते. वाद्य तेच, लाकूड तेच, आवाजही बहुधा तोच. मग निम्मी किंमत गेली कुठे? जाणकारांचे उत्तर असे, की ग्राहक केवळ वाद्याला पैसे देत नाही, त्या वाद्याच्या साक्षीला देतो. आणि ही साक्ष तपासण्याचे शास्त्र मोठे मनोरंजक आहे. १९६४ च्या सुमारापर्यंत कारखान्यात रंगवलेले धड चार-पाच बारीक खिळ्यांच्या आधारावर वाळत ठेवीत. खिळे उपटल्यावर राहिलेल्या छिद्रांत रंग नसतो. छिद्रांत रंग भरलेला दिसला, की समजावे, वाद्य पुन्हा रंगवलेले आहे. दांडीच्या टोकाला कारागिराने शिसपेन्सिलीने लिहिलेली किंवा शिक्क्याने उमटवलेली तारीख असते. आवाज कमीजास्त करण्याच्या बटणाखालील भागावर त्याच्या निर्मितीचे वर्ष आणि आठवडा सांगणारे आकडे असतात. अतिनील दिव्याखाली जुने लॅकर पिवळसर-हिरवट उजळते आणि नंतर केलेली डागडुजी काळपट डागासारखी उठून दिसते. घराण्याच्या जुन्या कागदपत्रांची मोडी वाचणाऱ्याने शाई व शिक्के तपासावेत, तसाच हा प्रकार.

तीन वाद्ये, तीन न्याय

तरीही ‘मूळ ते सोने आणि बदललेले ते खोटे’ असा ठोक नियम करता येत नाही. तीन प्रसिद्ध वाद्यांची हकिकत याला पुरेशी आहे.

डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या अगणित ध्वनिमुद्रिकांत ज्यांची बास वाजली, त्या जेम्स जेमर्सन यांच्याजवळ १९६२ ची सनबर्स्ट प्रिसिजन बास होती. ते तिच्या तारासुद्धा सहसा बदलीत नसत. जुन्या, मंद झालेल्या तारांतच आपला नाद आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. १९८३ मध्ये त्यांच्या मृत्यूच्या थोडे आधी ते वाद्य चोरीस गेले. येथे वाद्याचे आहे तसे राहणे, हेच वादकाचे मत होते.

जॅको पास्टोरियस यांनी नेमके उलटे केले. त्यांच्या १९६२ च्या जॅझ बासवर पडदे राहिले नव्हते. पडद्यांच्या खाचा बुजवून त्यांनी पट्टीवर होडीला लावतात तसल्या टणक इपॉक्सीचे थर दिले, कारण खरखरीत तारांनी पट्टीचे लाकूड कुरतडले जात असे. संग्राहकाच्या दृष्टीने हा मूळ वाद्याचा नाशच. परंतु त्या कठीण, गुळगुळीत पट्टीवरून निघालेल्या गाणाऱ्या, मिंडयुक्त स्वराने १९७६ पासून बासवादनाची दिशा बदलून टाकली. ते वाद्य पुढे मोडले, जोडले गेले आणि १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चोरीस गेले. वीसएक वर्षांनी ते पुन्हा उजेडात आले आणि बासवादक रॉबर्ट ट्रुहियो यांच्या आर्थिक साहाय्याने परत मिळवण्यात आले.

तिसरे वाद्य जर्मन बनावटीचे, व्हायोलिनच्या आकाराची पोकळ हॉफनर बास. बीटल्स वृंदातील पॉल मॅकार्टनी यांनी ती १९६१ मध्ये हँबुर्ग शहरी घेतली. १९६४ मध्ये तिची संपूर्ण दुरुस्ती झाली, नवा गडद रंग चढला आणि दोन्ही पिकअप एकाच लाकडी चौकटीत बसवले गेले. १९७२ मध्ये लंडनमधून ती चोरीस गेली आणि सुमारे एक्कावन्न वर्षांनी सापडल्याची वार्ता फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली. आता कोणी ‘तो १९६४ चा रंग काढून मूळचा रंग द्या’ असे म्हणाले, तर आपण त्यास वेड्यात काढू. तो नवा रंगच आज तिच्या ओळखीची खूण झाला आहे.

या तिन्हींवरून एवढे दिसते, की रंग चढवणे अथवा उतरवणे ही गोष्ट मुळात वाईट नाही. ते कोणी, कशासाठी केले आणि केलेले उघड ठेवले की लपवले, यावर तिचे मोल ठरते.

नव्या वाद्याला जुने अंग

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. जुन्या वाद्यांच्या किमती सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेर गेल्या, तेव्हा फेंडर कंपनीच्या खास विभागाने १९९५ मध्ये नवीनच बनवलेली, पण चाळीस वर्षे वापरल्यासारखी दिसणारी वाद्ये विक्रीस आणली. ती जुनी करण्याचे काम आरंभी व्हिन्स क्युनेटो या कारागिराने केले. या मालिकेचे नाव ‘रेलिक’. गोमंतकीय वाचकांना हा शब्द जुन्या गोव्यातील संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांमुळे ठाऊक आहे. संताच्या देहावशेषाचा शब्द कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कोऱ्या वाद्याला लावावा, यातच या व्यवहाराचा सारा पेच सामावला आहे.

जुनेपण घडवण्याच्या युक्त्या अनेक आहेत. लॅकर चढवलेले धड एकदम गारठवून पुन्हा ऊब देतात, म्हणजे चिरा पडतात. कोणी त्या पात्याने हलक्या हाताने कोरतो. धातूचे भाग आम्लाच्या वाफेत ठेवून त्यांची चकाकी मारतात. पांढरे प्लास्टिक चहा-कॉफीच्या पाण्याने किंवा रंगाने पिवळवतात. किल्ल्यांच्या जुडग्याने खोके पाडतात, आणि जिथे हात टेकतो तिथला रंग लाकडापर्यंत घासून काढतात.

यात कसब आहे का? निःसंशय आहे. कारण खरी झीज कुठेही होत नाही. ती वादकाच्या देहाच्या हालचालीचा माग काढीत जाते. उजव्या हाताचे कोपर धडाच्या वरच्या कडेवर टेकते, तिथला रंग आधी जातो. पाठीमागे कमरेच्या पट्ट्याचे बक्कल घासते. अंगठा ज्या जागी विसावतो तिथे खळगा पडतो. डाव्या हाताचा अंगठा जिथे वारंवार सरकतो, तिथली दांडी रेशमासारखी होते. जिथे एके काळी धातूचे झाकण होते, तिथला रंग शाबूत असतो. ज्या कारागिराला वादकाचे शरीर कळले, त्याचे काम डोळ्यांना पटते. ज्याला ते कळले नाही, त्याचे वाद्य नाटकात म्हाताऱ्याचे सोंग घेतलेल्या मुलासारखे दिसते, दाढी पिकलेली आणि मनगट मात्र कोवळे.

घेणाऱ्यांचे म्हणणेही सहज उडवून लावण्यासारखे नाही. कोऱ्या चकचकीत वाद्यावर पहिला ओरखडा पडेल या भीतीने हात आखडतो, आणि गुळगुळीत झालेली दांडी पहिल्या दिवसापासून आपली वाटते, असे वादक सांगतात. पातळ लॅकरमुळे लाकूड ‘श्वास घेते’ आणि आवाज खुलतो, असाही दावा केला जातो. आम्हांस तो अतिशयोक्त वाटतो. कारण भरीव बासचा आवाज मुख्यतः तारेच्या कंपनातून आणि पिकअपमधून येतो, आणि रंगाचा थर त्या दोहोंपासून दूरच राहतो. हाताला मिळणारे सुख मात्र खरे आहे, आणि ज्याला ते हवे त्याने त्याचे पैसे उघडपणे मोजावेत, यात कोणाचे काय जाते?

जाते ते पुढे, दुसऱ्या-तिसऱ्या हाती. कंपनीने विकलेल्या वाद्यावर त्याचा नवा क्रमांक असतो, सोबत कागद असतो. कागद हरवतो, क्रमांकाची पट्टी बदलली जाते, एखादा खरा जुना भाग बसवला जातो, आणि ‘आजोबांच्या वेळचे’ म्हणून तेच वाद्य एखाद्या भाबड्या ग्राहकाच्या गळ्यात पडते. कारागिराने सोंग म्हणून रंगवलेला चेहरा विक्रेता खरा म्हणून विकतो. कला आणि लबाडी यांच्यामधली रेघ वाद्याच्या अंगावर शोधून सापडणार नाही. ती सांगणाऱ्याच्या शब्दात असते.

आपल्या घरी काय करावे

हा विषय दूरदेशीचा खरा, पण प्रश्न आपल्याही दारात उभा आहे. आपली घराणी पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्राबाहेर नांदत आली. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, बेळगाव अशा गावांतील कित्येक माळ्यांवर मिरजेचे तंबोरे आहेत, गोव्याच्या जुन्या घरांत व्हायोलिने आणि गिटारी आहेत. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून जुन्या वाद्यांची विचारपूस अधिक होऊ लागली, तर नवल नाही. सणासुदीला, लग्नकार्याला ‘जरा नवे दिसू द्या’ म्हणून सरसकट पॉलिश करून घेण्याचा मोहही आपल्याला नेहमीच होतो.

म्हणून अनुभवी कारागीर जे सांगतात ते येथे नोंदवतो. मऊ, कोरड्या फडक्याने पुसण्यापलीकडे घाईने काही करू नये. वाद्य वाजते राहण्यासाठी जे आवश्यक, ते अवश्य करावे. उखडलेला सांधा, झिजलेली घोडी, सैल खुंटी यांची दुरुस्ती हा वाद्याचा हक्कच आहे. केवळ दिसण्यासाठी करायचे ते मात्र शेवटी ठेवावे. काम सुरू करण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत. काढलेला प्रत्येक जुना भाग, अगदी गंजलेला स्क्रूसुद्धा, पिशवीत घालून वाद्यासोबत ठेवावा. समुद्रकाठच्या दमट हवेत तारा आणि धातूचे भाग अधिक जपावेत. आणि पुनः रंग द्यायचाच झाला, तर तो अशा रीतीने द्यावा, की पुढच्या जाणकाराला तो ओळखता यावा.

शेवटचे काम सर्वांत सोपे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. एक चिठ्ठी लिहावी: वाद्य कोणाचे, कोणत्या साली कोठून आणले, कोणी वाजवले, कोणत्या साली कोणी दुरुस्त केले आणि काय काय बदलले. ती चिठ्ठी वाद्याच्या पेटीत तारांच्या पुडीखाली ठेवावी, आणि घरातल्या धाकट्या पिढीपैकी एकाला ती कोठे आहे हे सांगून ठेवावे.